सोलापूरचे वालचंद आणि कुर्ल्याची डॉज

पुण्याहून पौड रस्त्याने निघाले की चांदणी चौक ओलांडल्यावर भूगाव लागते आणि त्यापुढे भुकूम. इथून पश्चिमेला जावे तसतसा पाऊस वाढत जातो आणि ताम्हिणीच्या घाटात तर तो कोकणाशी पैज लावतो. अशा हवेत जुनी मोटार सांभाळणे म्हणजे गंजाशी रोजचे भांडण. दाराच्या तळाशी पाणी साचते, पायाखालचा पत्रा कुजतो, ब्रेकचे सिलिंडर आतून धरतात. तरीही हे भांडण हौसेने ओढवून घेणारी माणसे पुण्यात आणि आसपास आहेत. त्यांच्या पत्र्याच्या शेडखाली १९५० च्या आगेमागची डॉज, प्लिमथ किंवा डिसोटो उभी असेल, तर येणारा-जाणारा तिला अमेरिकन गाडी म्हणतो. नाव अमेरिकन आहे, आराखडाही अमेरिकन आहे. पण त्या काळात आपल्या रस्त्यांवर धावलेल्या यांतल्या कितीतरी गाड्या जुळवल्या गेल्या त्या मुंबईत, कुर्ल्याला. आणि तो कारखाना उभा राहिला तो सोलापुरात जन्मलेल्या एका माणसाच्या हट्टापायी. त्याचे नाव वालचंद हिराचंद.

वालचंदांचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर त्यांच्या नावाचे, सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांच्या नावाचे. जहाजे, विमाने, साखर यांच्या संदर्भात त्यांची आठवण निघते. मोटारीची गोष्ट मात्र चार ओळींत आटोपली जाते. वास्तविक त्यांच्या स्वभावाची आणि त्यांच्या काळाची ओळख पटवणारी तीच गोष्ट आहे. तिचा शेवट वालचंदांना पाहायला मिळाला नाही. तो लिहिला गेला गॅरेजांतून, काळ्या हातांनी.

रेल्वेचा ठेकेदार

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. घराणे गुजरातेतून येऊन सोलापुरात स्थिरावलेले दिगंबर जैन दोशींचे, व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. शाळा सोलापुरात झाली. पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज अशी दोन महाविद्यालये त्यांनी पाहिली, पण पदवीपर्यंत मजल गेली नाही. घरच्या पेढीवर बसले, तिथेही मन रमले नाही. व्याज मोजत बसण्यापेक्षा काहीतरी उभे करावे, ही ओढ होती.

ती वाट दाखवली लक्ष्मणराव फाटक या माजी रेल्वे कारकुनाने. फाटकांना रेल्वेच्या कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल उभे करण्याची ताकद होती. फाटक-वालचंद या जोडीने बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली आणि बघता बघता मोठी कामे अंगावर घेतली. पुढे टाटांच्या बांधकाम कंपनीशी त्यांचा संबंध जुळला. बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, तानसाचे पाणी मुंबईला आणणारी नळवाट अशी कामे त्यातून झाली. मुंबई-पुणे गाडीने खंडाळ्याच्या अंधारातून जाताना ज्यांनी डबे मोजले आहेत, त्यांनी वालचंदांचे काम पाहिले आहे.

ठेकेदारीने त्यांना एक गोष्ट शिकवली असणार. डोंगर फोडायच्या कामावर यंत्र बंद पडले, की माणसे बसून राहतात आणि मजुरी चालू राहते. सुटा भाग विलायतेहून यायचा असेल, तर महिनेच्या महिने जातात. यंत्र कोणाच्या मालकीचे आहे याला मग फारसा अर्थ उरत नाही. ते चालू ठेवण्याची चावी ज्याच्या हाती, खरा मालक तो. वालचंदांनी पुढे जे जे मनावर घेतले, त्याच्या मुळाशी हा विचार दिसतो.

समुद्रावर आणि आकाशात

१९१९ साली त्यांनी आणि नरोत्तम मोरारजी प्रभृती मित्रांनी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडून एक आगबोट घेतली. तिचे नाव लॉयल्टी. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. हा दिवस आपण राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळतो. शिंद्यांच्या नावावरूनच कंपनीचे नाव सिंदिया पडले. इंग्रज जहाज कंपन्यांनी दर पाडून तिला बुडवण्याचा प्रयत्न केला, पण वालचंद हटले नाहीत. भाड्याच्या युद्धात तोटा सोसायचा, वाटाघाटीत चिवटपणा दाखवायचा आणि वर्तमानपत्रांतून देशी जहाजांची बाजू मांडत राहायचे, हे त्यांचे तंत्र.

दुसरे महायुद्ध पेटले तेव्हा त्यांची साठी जवळ आली होती. १९३९ साली अमेरिकेहून परतताना विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी पडली. प्रवासातल्या त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगलोरला विमानाचा कारखाना निघाला. १९४१ मध्ये तिथे जुळवलेले हार्लो जातीचे शिकाऊ विमान आकाशात गेले. त्याच वर्षी २१ जूनला विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झाली. तिथे बांधलेल्या जलउषा या जहाजाचे जलावतरण १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी केले. विमानाचा कारखाना युद्धातच सरकारने ताब्यात घेतला. पुढे जहाजाचा कारखानाही सरकारी झाला. वालचंदांच्या वाट्याला आरंभाचे श्रम आले.

नकार पचवताना

या दोन स्वप्नांच्या जोडीला तिसरे स्वप्न होते मोटारीचे. खरे पाहता मोटारीचा विचार आधीचा. विमान भेटले ते मोटारीच्या शोधात निघालेल्या माणसाला. सर विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात युरोप-अमेरिकेचा दौरा करून हिंदुस्थानात मोटार कारखान्याची योजना मांडली होती. वालचंदांनी ती उचलली.

तेव्हा मोटारी आपल्याकडे जुळवल्या जात नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली होती, फोर्डचेही कारखाने होते. पण ते परदेशी कंपन्यांचे. पेट्या यायच्या, गाड्या बाहेर पडायच्या, नफा परत जायचा. सुटे भाग इथे बनवावेत असे त्या कंपन्यांना वाटण्याचे काही कारण नव्हते. वालचंदांना हवा होता असा करार, ज्यात सुरुवात जुळवण्याने झाली तरी पुढे एकेक भाग इथे बनत जाईल.

त्यासाठी त्यांनी अमेरिकेतल्या कंपन्यांची दारे ठोठावली. फोर्डचा हिंदुस्थानातला धंदा त्यांच्या कॅनडातल्या कंपनीकडे होता, तिथे डाळ शिजली नाही. १९४० मध्ये क्रायस्लर कंपनीशी मात्र जमले. डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ही तिन्ही नावे याच घराण्यातली.

करार झाला, पण कारखाना नाही. मुंबई प्रांतातल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने योजनेला अनुकूलता दाखवली होती, पण १९३९ च्या अखेरीस ते मंत्रिमंडळच पायउतार झाले. म्हैसूर संस्थानाकडे प्रयत्न झाले, तिथेही गाडी पुढे सरकली नाही. दिल्लीतल्या सरकारचे पाठबळ मिळेना. युद्धासाठी हजारो ट्रक लागत होते, पण ते परदेशातून येऊन इथे जुळवले जात होते. त्याच सुमारास बिर्लांनीही १९४२ मध्ये हिंदुस्थान मोटर्स काढली. म्हणजे मोटार बनवावी असे वाटणारे वालचंद एकटे नव्हते. मात्र त्यासाठी इतके नकार गोळा करणारे ते बहुधा एकटेच असावेत.

अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज आणि फार्गो नावाचे ट्रकही तिथेच तयार होत.

पेटीतून आलेली मोटार

इथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो त्या काळीही विचारला जात होता. परदेशातून पेट्यांत आलेले भाग इथे जोडले, तर त्या गाडीला स्वदेशी म्हणायचे का? पत्रा त्यांचा, इंजिन त्यांचे, नकाशे त्यांचे. आपला फक्त पाना. मग शिवडीचा कारखाना आणि कुर्ल्याचा कारखाना यांत फरक तो काय?

सुरुवातीला फरक फारसा नव्हताच, हे मान्य केले पाहिजे. तो पुढच्या वर्षांत दिसला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींवरून सरकारने धोरण ठरवले की ज्यांच्याकडे भाग इथे बनवण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच धंदा करावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. याच दशकात तिने इटलीच्या फियाटशीही संधान बांधले आणि त्यातून आलेली छोटी गाडी पुढे पद्मिनी या नावाने घराघरात पोचली. कुर्ल्यातले तिचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली.

वालचंदांनी यातले जवळजवळ काहीच पाहिले नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कामातून अंग काढून घेतले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. मोटारीचा धंदा पुढे बंधू लालचंद यांनी सांभाळला.

मिस्त्रींची शाळा

वालचंदांच्या मागे राहिल्या त्या गाड्या. त्यांचे आयुष्य मात्र कोणाच्याही अपेक्षेपेक्षा लांबले. आयातीवर निर्बंध आले, नवी अमेरिकन गाडी मिळेनाशी झाली. अमेरिकेत ज्या डॉजला दहा वर्षांत भंगारात काढले असते, ती इथे तीस-चाळीस वर्षे धावली. मुंबईत ती मोठी टॅक्सी झाली. दादर-पुणे टॅक्सीच्या रूपाने बोरघाट चढली. लग्नाच्या वरातीत मिरवली. कुठे एखाद्या डॉक्टरांच्या दारात उभी राहिली.

हे शक्य झाले ते दोन कारणांनी. पहिले कारण गाडीची साधी, भक्कम घडण. १९५० च्या सुमाराच्या प्लिमथचे इंजिन सुमारे ३.६ लिटरचे, सहा सिलिंडर एका ओळीत, ९७ अश्वशक्तीचे. व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच बसवलेले. वर नुसते सपाट झाकण. चार साध्या पान्यांनी ते उघडता येते आणि कार्बन खरवडून परत बसवता येते. दाब कमी असल्यामुळे हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही ते कुरकुरत नाही. शिवाय डॉज किंग्जवे, डिसोटो डिप्लोमॅट आणि प्लिमथ ही निर्यातीची भावंडे. जाळी आणि बिल्ले वेगळे, आतले सामान बहुतांशी एकच. एकीचा भाग दुसरीला चालतो.

दुसरे कारण माणसे. कुर्ल्याहून, शिवडीहून आणि गावोगावच्या एजन्सीच्या वर्कशॉपमधून शिकून बाहेर पडलेल्या मिस्त्रींनी या गाड्यांच्या खोडी तोंडपाठ केल्या. त्यांतल्या दोन-चार सांगण्यासारख्या आहेत.

डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे असतात. नवखा माणूस नेहमीच्या दिशेने जोर लावतो आणि बोल्ट सैल व्हायच्या ऐवजी आणखी आवळला जातो, कधी मोडतो. जाणता मिस्त्री नव्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतो. वीज सहा व्होल्टची आणि बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली. नेहमीच्या सवयीने ऋण बाजू जोडली, तर अ‍ॅमीटर उलटा बोलतो आणि डायनॅमोची दिशा नव्याने बसवावी लागते. हातब्रेक मागच्या चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे स्वतंत्र ड्रमवर. गिअरबॉक्सचे सील गळले की तेल तिथेच जाते आणि उतारावर गाडी थांबत नाही. पुढच्या प्रत्येक चाकात ब्रेकचे दोन सिलिंडर असतात. ते नीट जुळवायला धीर लागतो, घाई केली की गाडी एका बाजूला ओढते.

सगळ्यांत मोठी खोड दिसत नाही. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, पाण्याच्या पंपाच्या मागे, पत्र्याची एक लांब नळी असते. मागच्या सिलिंडरांपर्यंत गार पाणी नेण्याचे काम तिचे. साध्या पाण्यावर चालवलेल्या गाडीत ती वर्षानुवर्षे कुजत जाते. वरून सगळे ठीक दिसते, पण पाणी पुढच्या सिलिंडरांतच फिरते, मागचे तापत राहतात आणि घाटात व्हॉल्व्ह जळतो. रेडिएटर बदलून पाहिला, पंप बदलला, तरी गुण येत नाही. नळी काढायची तर रेडिएटर उतरवावा लागतो, आणि कुजलेली नळी आत तुकड्या-तुकड्याने तुटते. ती हलक्या हाताने बाहेर काढून तशीच नवी घडवून बसवणे ही कारागिरी आहे. या एका कामावरून मिस्त्रीची पारख होते.

सुटे भाग मिळत नव्हते तेव्हा लेथवाल्यांनी बुश आणि पिना बनवल्या, पत्रेकाम करणाऱ्यांनी मडगार्डचे तळ ठोकून काढले, बोअरिंगवाल्यांनी सिलिंडरला नवा जन्म दिला. चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात ढिगातून नेमका भाग हुडकणारी नजर तयार झाली. जे काम कारखान्याने हळूहळू करायचे ठरवले होते, ते गल्लीतल्या कारागिराने गरजेपोटी आधीच सुरू केले होते. पेटीतून आलेली गाडी खऱ्या अर्थाने इथली झाली ती या हातांत. अवघड प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर इथे सापडते. यंत्राचा जन्म कुठे झाला यापेक्षा ते उघडून पुन्हा उभे करणारा माणूस कुठला आहे, यावर बरेच अवलंबून असते.

मूळ रूपाची किंमत

या कारागिरीला दुसरी बाजूही आहे. पेट्रोल महाग झाले तसे अनेक मालकांनी मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले. टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला दुसरा मार्ग नव्हता, म्हणून त्याला दोष देता येत नाही. पण आज अशी गाडी पूर्ववत करायची तर मूळ जातीचे इंजिन हुडकण्यातच वर्षे जातात.

आता त्याला कायद्याचेही वजन आले आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी तीत बसते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असेल तर मात्र ही नोंदणी मिळत नाही. ज्या मिस्त्रीने मूळ इंजिनच टिकवले, त्याच्या चिकाटीची किंमत आज कळते.

सांभाळणाऱ्यापुढे नव्या अडचणीही आहेत. शिसे नसलेल्या पेट्रोलची धास्ती या गाड्यांना फारशी नाही, कारण क्रायस्लरच्या या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बैठक मुळातच कठीण धातूची असते. इथेनॉलचे मात्र तसे नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. ते जुन्या पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या खराब करते, महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत ओल धरते. ते बनते त्यातला मोठा वाटा उसाचा, आणि उसाच्या साखरेचा कारखाना वालचंदांनी १९३० च्या दशकात पुणे जिल्ह्यात उभा केला. त्यांच्या एका धंद्याची पुढची पिढी दुसऱ्या धंद्याच्या जुन्या गाडीला त्रास देते आहे. उपाय साधा आहे. नळ्या आणि पडदा नव्या जातीच्या रबराचा घालावा, टाकी भरून ठेवावी आणि पंधरवड्यातून एकदा गाडी चांगली तापेपर्यंत चालवावी. पावसाळ्यापूर्वी दारांच्या तळाची छिद्रे मोकळी करावीत. ओल्या गाडीवर ताडपत्री घट्ट बांधू नये. मुळशीच्या हवेत तर हे नेमाने करायला हवे.

कुर्ल्याचा कारखाना आज नाही. त्या जागेवर इमारती उभ्या आहेत, रस्त्याला प्रीमियरचे नाव तेवढे उरले आहे. काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. डाव्या चाकाचा बोल्ट कुठल्या दिशेने फिरतो हे न सांगता ओळखणारे मिस्त्री आता म्हातारे झाले आहेत. त्यांची मुले कॉम्प्युटर लावून दोष सांगणाऱ्या नव्या गाड्यांवर काम करतात, आणि ते योग्यच आहे. पण जुन्या मिस्त्रींची विद्या पुस्तकांत फारशी उतरलेली नाही. ती शेजारी बसून, पाना हातात घेऊनच मिळते. गाडी सांभाळणाऱ्या हौशी मंडळींनी एखाद्या होतकरू पोराला मिस्त्रींच्या हाताखाली उभे केले, तर ती विद्या आणखी एक पिढी जगेल. वालचंदांनी आयुष्यभर कारखाने उभे केले आणि त्यांतले बरेच त्यांच्या हातून गेले. त्यांनी उभ्या केलेल्या गाड्यांच्या निमित्ताने जे हात तयार झाले, ते राखणे मात्र अजून आपल्या हातात आहे.